उचल, कोयता आणि दोन किलो शंभर ग्रॅम: एका ऊसतोड कुटुंबातील तीन पिढ्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका गावाचे आहे. दिवाळीच्या आगेमागे या गावातील निम्म्याहून अधिक घरांना कुलपे लागतात आणि ती थेट पाडव्याच्या सुमारास उघडतात. ओळख पटू नये म्हणून गाव, कारखाना आणि माणसांची नावे दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. ज्या गरोदर स्त्रीभोवती हे सर्व घडले तिला सोयीसाठी सुमन म्हटले आहे. लिहिणारी मी, ग्रामीण रुग्णालयाच्या मदतीने काम करणाऱ्या एका लहान आरोग्यगटातली समाजसेविका आहे.

सुमनच्या सासरी अडीच एकर कोरडवाहू जमीन, दोन शेळ्या आणि एक गाय. घरात सासू, सासरे, नवरा आणि शाळेत जाणारा धाकटा दीर. घर माळकरी असल्याने अंडी-मांस वर्ज्य. गाईचे दूध दोन्ही वेळा डेअरीला जाई, कारण आठवड्याच्या बाजारखर्चाला तेवढाच रोख पैसा हाती येत असे. सुमनचे लग्न सोळाव्या वर्षी झाले होते. तिचे आईवडीलही ऊसतोडीलाच जात, त्यामुळे तिच्या बालपणातील जवळजवळ प्रत्येक हिवाळा उसाच्या फडात गेला होता आणि शाळा चौथीतच सुटली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते त्याच्या जवळपास दुप्पट होते. ज्या घराला हंगामासाठी जोडीने माणसे लागतात आणि ज्या आईबापांना वयात आलेल्या मुलीला मागे एकटी ठेवण्याची धास्ती वाटते, त्या दोघांच्याही अडचणीतून हा आकडा तयार होतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळी जमवून नेणारा ठेकेदार, कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि मग हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटत जाते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. सुमनच्या नवऱ्याने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण कोयत्याची ऐंशी हजार रुपये उचल घेतली. त्यातून आदल्या वर्षीची बाकी आणि बियाणे-खताची उधारी चुकती झाली. त्या वेळी सुमनला तिसरा महिना चालू होता, पण ती गोष्ट घरात फक्त सासूला माहीत होती.

समस्या

सप्टेंबरच्या मध्यावर, सतराव्या आठवड्यात, तिची नोंदणी झाली. वय एकोणीस, उंची १४३ सेंटिमीटर, वजन ३८ किलो, हिमोग्लोबिन ७.९. गरोदरपणात ११ च्या खाली पंडुरोग मानतात आणि ७ च्या खाली तो तीव्र ठरतो. म्हणजे ती तीव्रतेच्या रेषेपासून एका ग्रॅमाहून कमी अंतरावर होती. १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंची हीसुद्धा जोखमीची खूण समजली जाते. ही उंची म्हणजे तिच्या स्वतःच्या बालपणातील उपासाची नोंद होती, आणि त्यावर आता कोणतीही गोळी चालणार नव्हती.

तिला लोह आणि फॉलिक अॅसिडच्या दुप्पट गोळ्या, जंतनाशक आणि कॅल्शियम सुरू केले. महिन्याभराने हिमोग्लोबिन ८.१ आले, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे. गावातील आशा कार्यकर्ती, म्हणजे आमच्या आशाताई, घरी गेल्या तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांपैकी निम्मी तांदळाच्या डब्यात जशीच्या तशी सापडली. काही गोळ्या घेतल्या होत्या, पण सकाळच्या चहाबरोबर; आणि चहाबरोबर घेतलेले लोह अंगी फारसे लागत नाही. शौचाला काळे होते म्हणून शेजारणीने बाळही काळे होईल असे सांगितले होते. आम्ही हे ‘अज्ञान’ या सदरात टाकून मोकळे झालो असतो, पण आशाताईंनी एक साधा प्रश्न विचारला: गोळी घेतल्यावर मळमळते तेव्हा तू काय खातेस? सुमन म्हणाली, काही नाही. सकाळी सगळ्यांच्या भाकरी होऊन ती जेवायला बसेपर्यंत अकरा वाजत. गोळ्या रिकाम्या पोटी पडत होत्या.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट पुढे आली. सुमनला फडात पाठवू नये असे आम्ही बोलून दाखवताच सासू म्हणाली, “म्या जाते तिच्या जागी, ताई. कोयता काय मला नवा हाय का?” बोलताना ती दर अर्ध्या तासाला उठून पाणी पीत होती. आमच्याकडे यंत्र होते म्हणून बोटातून साखर तपासली, ती २९१ निघाली. उंची १४७ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. दिसायला कृश बाई, पण कमरेचा घेर ८१ सेंटिमीटर. आधार कार्डावर तिची जन्मतारीख, या भागातील अनेकांची असते तशी, १ जानेवारी. आई मात्र तिला सांगत असे की तू बाहत्तरच्या दुष्काळात, मी खडी फोडायच्या कामावर असताना पोटात होतीस आणि सुकडीवर, म्हणजे दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या कोरड्या आहारावर, वाढलीस.

म्हणजे एकाच ओट्यावर तीन पिढ्या बसल्या होत्या: दुष्काळात पोटात असलेली आणि पन्नाशीत मधुमेह झालेली सासू, फडात वाढून खुरटलेली सून आणि अजून न जन्मलेले मूल.

हे योगायोग का वाटले नाहीत

एका बाईच्या कहाणीवरून दुष्काळामुळे मधुमेह झाला असे म्हणता येत नाही, आणि आम्हीही तसे म्हटले नाही. परंतु या दिशेने बोट दाखवणारे काम बरेच आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्याच मुलुखातले आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी काढून दाखवले की जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने मृत्यू अधिक होतात. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली तेव्हा जे गर्भात होते, त्यांच्यात पन्नाशीच्या सुमारास साखर पचवण्याची क्षमता कमी झालेली आढळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची होती, तर साउथॅम्प्टनमधील ३.५ किलोंची. मात्र हा फरक सर्व अवयवांत सारखा नव्हता. स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहिले होते, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. लहान पण चरबीयुक्त, अशा या बाळाचे शरीर पुढे पोटभर अन्न आणि बैठे काम मिळाले की मधुमेहाकडे लवकर झुकते.

आमच्या निर्णयासाठी त्या अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष अधिक कामाचे होते. पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. आणि गरोदरपणात शेतातली व घरातली जड कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान. पोषण म्हटले की आपण ताटाकडे बघतो. ताटातून शरीरात गेलेले कामात किती खर्ची पडते हा हिशेब मांडत नाही. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई जे खाते त्यातून बाळासाठी काय उरते, असा प्रश्न विचारल्यावर सुमनच्या बाबतीत आहारसल्ला देऊन भागणार नाही हे स्पष्ट झाले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच सुमनने गावी राहावे हा होता. सल्ला बरोबर होता, पण त्यासाठी अर्ध्या कोयत्याची उचल परत करावी लागणार होती आणि ते पैसे ऑक्टोबरपर्यंत शिल्लकच नव्हते. माहेरी जाण्याचा प्रश्न नव्हता. माहेरचे घरही त्याच आठवड्यात बंद होणार होते.

दुसरा पर्याय सासूनेच सुचवला होता. तो सोयीचा होता, आणि साखर तपासली नसती तर आम्ही त्याला आनंदाने होकार दिला असता. मधुमेह नुकताच सापडलेल्या, साखर तीनशेला टेकलेल्या बाईला पाच महिने अनवाणी, पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पानांच्या) फडात पाठवायचे म्हणजे एकीचे ओझे दुसरीच्या डोक्यावर ठेवण्यासारखे होते. यावर गटात मतभेद झाले. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की सासूचे नुकसान गोळ्यांनी आवरता येईल, बाळाचे मात्र येणार नाही. हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. तरीही, निर्णय सासूच्या वतीने आपण का घ्यायचा, हा प्रश्न उरत होता.

तिसरा पर्याय म्हणजे सुमनने जावे, पण काम बदलून: मोळ्या वाहायच्या नाहीत, रात्री गाडी भरायची नाही, आठव्या महिन्यापासून कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) स्वयंपाक सांभाळायचा, आणि तिच्या वाट्याची बाकी पुढच्या हंगामात फिरवायची. यासाठी मुकादमाची संमती लागणार होती. मुकादम त्याच पंचक्रोशीतला, लग्नकार्यात उठबस असलेला माणूस होता. त्याने चहा घेतला आणि “पोरीच्या जिवापेक्षा ऊस मोठा हाय का?” असे म्हणून होकार दिला. आम्ही तिसरा पर्याय धरला.

केलेली कृती

निघण्यापूर्वी हातात बारा दिवस होते. गोळ्यांवर विसंबणे शक्य नव्हते म्हणून शिरेतून लोह देण्याचे ठरले. तिचे वजन आणि हिमोग्लोबिन पाहता सुमारे आठशे मिलिग्रॅमची तूट निघाली. दिवसाआड दोनशे याप्रमाणे चार मात्रा. तीन झाल्या. चौथीच्या आदल्या रात्री ट्रक आला, कारण कारखान्याने गाळप दोन दिवस अलीकडे आणले होते, आणि सकाळी आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर सासरे एकटेच बसलेले होते.

घरातील आहाराबाबत एकच मागणी केली होती: डेअरीला दूध घालण्याआधी एक फुलपात्र सुमनसाठी काढून ठेवावे. माळकरी घरात बी-१२ जीवनसत्त्वाचा तोच काय तो मार्ग होता. पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले होते, आणि ज्या मातांमध्ये ते कमी पण फॉलेट (फॉलिक अॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप) जास्त होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. सुमनला आम्ही फॉलिक अॅसिड देत होतो, म्हणून दुधाचा आग्रह अधिकच होता. सासूने तो पाळला, परंतु गाय गावातच राहणार होती. फडावर दूध विकतचे.

शिधापत्रिकेचे प्रकरण मात्र आम्हाला आधी कळायला हवे होते. एकाच शिधापत्रिकेवर देशात कुठेही धान्य उचलता येते, थोडे इथे थोडे तिथेही घेता येते. पण सुमनचे नाव सासरच्या पत्रिकेत नव्हतेच. माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला कोणी आणला नव्हता. लग्नाला तीन वर्षे झाली तरी तिच्या वाट्याचे महिना पाच किलो धान्य माहेरच्या गावी निघत होते. दाखला आणि नाव चढवणे यात जानेवारी उजाडला.

पश्चिम महाराष्ट्रातील ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली तिथल्या आरोग्यसेविकेला आम्ही फोनवर सर्व नोंद सांगितली आणि माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुमनच्या नवऱ्याकडे दिले होते. अंगणवाडीत पहिल्या खेपेला तिला परत पाठवले गेले, कारण पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या लाभार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर, तिचे नाव मूळ गावी होते. ते बदलून घेतल्यावर डिसेंबरपासून घरपोच आहार मिळू लागला. तो किती तिने खाल्ला आणि किती घरच्या पिठात मिसळला गेला, याची नोंद कोणाकडेही नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोळीतील एक जोडी रात्रीतून पळून गेली. गाडीला माणसे कमी पडली आणि मुकादमाचा होकार तिथेच संपला. सुमन मोळ्या वाहू लागली. हे आम्हाला तीन आठवड्यांनी, आशाताईंना आलेल्या एका फोनवरून कळले. आम्ही मुकादमाला फोन करत राहिलो, तो उचलत नव्हता. तोडगा अखेर सासूने काढला. संक्रांतीनंतर तिने गोळ्यांची दोन महिन्यांची पाकिटे आमच्याकडून मागून नेली, कारण विचारल्यावर “लागतेत” एवढेच म्हणाली, आणि एसटीने थेट फडावर गेली. सुमन कोपीवर बसली आणि सासू गाडी भरू लागली. आमच्या परवानगीचा प्रश्न तिच्या लेखी नव्हताच.

परिणाम

बत्तिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.६ होते. सदतिसाव्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पहाटे तीनला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेला फोन लावल्यावर पलीकडून पत्ता विचारला गेला आणि नवऱ्याला सांगता येईना. फडाला पत्ता नसतो. शेवटी ऊसमालकाला झोपेतून उठवून गट क्रमांक विचारला, आणि सुमनला बैलगाडीच्या वाटेने डांबरी रस्त्यापर्यंत चालवत आणले. ग्रामीण रुग्णालयात नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, वजन दोन किलो शंभर ग्रॅम.

तिथल्या परिचारिकांचे काम उत्तम होते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत त्यांनी सुमनलाच नव्हे तर सासूलाही शिकवली, आणि रात्री तीन-तीन तास बाळ आजीच्या छातीशी असे. पाचव्या दिवशी घरी, म्हणजे कोपीवर, सोडले. त्यानंतर आशा कार्यकर्तीच्या सहा भेटी व्हायला हव्या होत्या. तीन झाल्या आणि टोळी दुसऱ्या गावाच्या हद्दीत सरकली.

मार्चअखेर कुटुंब परतले. सहा महिने निव्वळ आईचे दूध दिले गेले, तरी सहाव्या महिन्यात वजन ५.६ किलो, म्हणजे कमी वजनाच्या रेषेच्या किंचित खाली होते. वर्षाची झाली तेव्हा ७.१ किलो, वजन रेषेवर आले होते, पण लांबी ६८.२ सेंटिमीटर, म्हणजे वयाच्या मानाने खुजी. या मुलीच्या वयाचा पन्नासावा वाढदिवस कसा असेल हे कोणालाही आज सांगता येणार नाही, परंतु सुरुवातीची रेघ कुठे ओढली गेली ते कार्डावर दिसते.

पुढच्या हंगामात, बाळ आठ महिन्यांचे असताना, सुमन गावी राहिली. हे आमच्या कामाचे यश म्हणून एका बैठकीत मांडले गेले. तिच्या जागी पूर्ण हंगामभर सासू गेली होती. फेब्रुवारीत पाचटाची काडी तळपायात घुसून जखम झाली, बधीरपणामुळे ती तिला चार दिवस कळलीच नाही, आणि भरून यायला सहा आठवडे लागले. बोट वाचले.

वेगळे काय करता आले असते

आम्ही ऑक्टोबरमध्ये निर्णय घ्यायला बसलो, पण खरा निर्णय ऑगस्टमध्ये, उचल मोजून घेतली तेव्हाच झाला होता. त्या दिवशी घरात कोणी गरोदर आहे का, हे सासूखेरीज कोणाला ठाऊक नव्हते आणि तिला विचारण्याची रीत नव्हती. आशाताईंच्या नोंदवहीत उचलीचा महिना हा रकाना असता, तर पूर्ण कोयत्याऐवजी अर्ध्याची उचल घ्यायचा विषय पैसे हातात असताना निघाला असता.

मुकादमाचा शब्द लिहून घ्यायला हवा होता असे आम्ही बराच काळ म्हणत होतो. आता मला तसे वाटत नाही. कागद असता तरी तो फडावर कोणी वाचून दाखवला असता? त्यापेक्षा टोळीतील दुसऱ्या दोन बायकांना आधी विश्वासात घेतले असते, तर डिसेंबरमधील बदल तीन आठवड्यांऐवजी तीन दिवसांत कळला असता.

वैद्यकीय बाजूने दोन त्रुटी आमच्याच होत्या. सुमनची साखर पहिल्या भेटीत तपासली आणि ती ठीक निघाली, पण चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांची दुसरी तपासणी स्थलांतरात राहून गेली. शिरेतील लोहाचा निर्णयही महिना उशिरा झाला. रिकाम्या पोटाचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर कदाचित त्याची गरजही पडली नसती. सासूच्या बाबतीत आम्ही गोळ्या दिल्या, पण पायांत बूट आहेत का, हे पाहिले नाही. पायांतील संवेदना तपासायला एक मिनिट लागते.

दुधाचे फुलपात्र टिकले, हे मात्र नोंदवायला हवे. गाय आटली तेव्हा सासूने शेळी विकायचे थांबवले, आणि आता ते दूध नातीला मिळते.

यंदा आम्ही जुलैमध्येच त्या घरी गेलो होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुकादम येऊन गेला. नवऱ्याने अर्ध्या कोयत्याची उचल घेतली आहे. दिराच्या शाळेचा खर्च आणि सोसायटीचा हप्ता मिळून जी रक्कम कमी पडते तिच्यासाठी सुमन गावातल्या रोजगार हमीच्या कामाचा अर्ज भरून आली आहे. काम अजून निघालेले नाही, आणि ते निघेपर्यंत सासूने आपला कोयता कौलांत खोचून ठेवला आहे.